बांबूची दुर्बीण करणारा मुलगा : राजा सर टी. माधवराव

कुंभकोणम म्हटले की बाहेरच्या माणसाला चार गोष्टी आठवतात. डिग्री कॉफी, विड्याची पाने, बारा वर्षांनी येणारा महामहम आणि थोर गणिती श्रीनिवास रामानुजन. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे रामानुजन यांचे घर पाहायला आजही लांबून माणसे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु रामानुजन यांच्या जन्माआधी एकोणसाठ वर्षे याच कुंभकोणमात, आपल्यासारख्याच एका मराठी घरात, आणखी एक हुशार मुलगा जन्माला आला होता. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना सांगता येईल, याची मला शंकाच आहे.

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर या गृहस्थांचा पुतळा उभा आहे. त्या पुतळ्यावरून त्या चौकाला नावच ‘स्टॅच्यू’ पडले. बसमध्ये कंडक्टर ‘स्टॅच्यू, स्टॅच्यू’ म्हणून ओरडतो, माणसे चढतात-उतरतात. पण पुतळा कोणाचा हे विचारले तर दहातले आठ जण इकडेतिकडे बघतात. तो पुतळा कुंभकोणमच्या माधवरावांचा आहे. राजा सर टी. माधवराव. यातला ‘टी’ म्हणजे तंजावर.

त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण होते आणि त्यांच्या राज्यकारभारावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेच्या रुळांवर आयुष्य घालवणारा माणूस, राज्यकारभारातले मला विशेष कळत नाही. मला या चरित्रात मोह पडतो तो त्यांच्यातल्या मास्तरचा. शिकताना हाताने वस्तू करून पाहणारा मुलगा, मग राजपुत्रांचा शिक्षक, आणि म्हातारपणी मुलांना कसे वाढवावे यावर पुस्तक लिहिणारा आजोबा, अशी त्यांची एक वेगळी बाजू आहे. आपल्या मुलांना ऊन-पाऊस, ऋतू, दगड-माती हे सारे घराबाहेर नेऊन दाखवावे की पुस्तकातच वाचू द्यावे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हा लेख.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ चा. घराणे देशस्थ ब्राह्मणाचे, कारभाऱ्यांचे. पणजोबा गोपाळपंत, आजोबा गुंडोपंत, दोघांनीही इंग्रजांकडे व संस्थानिकांकडे मोठ्या जागा सांभाळल्या. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही वेगवेगळ्या काळी त्रावणकोरचे दिवाण झाले. माधवराव हे भावंडांत धाकटे. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी, असा तो काळ होता. आजही आपल्या घरांत साधारण तेच आहे म्हणा!

त्यांच्या जन्माच्या वेळी चाळीस किलोमीटरवर तंजावरला दुसरे सरफोजी महाराज हयात होते. १८३२ साली महाराज वारले तेव्हा माधवराव तीन वर्षांचे होते. सरफोजी महाराजांनी मुलांसाठी शाळा काढल्या, १८०५ साली देवनागरी छापखाना घातला, आणि एक अजब गोष्ट केली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात डोंगरात राहणारी कुरत्ती येते, हात बघते, भविष्य सांगते. महाराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची मराठी कुरवंजी रचली आणि त्या कुरत्तीच्या तोंडी भविष्याऐवजी पृथ्वीचा भूगोल घातला. देश, खंड, समुद्र, सगळे गाण्यातून. दोनशे वर्षांपूर्वी मराठीत भूगोल शिकवण्याची ही युक्ती आपल्या या जिल्ह्यात निघाली, याचा मला फार अभिमान वाटतो. मुलांना जग समजावून सांगायचे तर ते त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून सांगावे, ही समज तंजावरच्या मराठी माणसाला माधवरावांच्या आधीपासून होती.

आता कुंभकोणममध्ये वाढणाऱ्या मुलाला निसर्ग काय शिकवतो ते पाहा. इथे कितीही खणा, खडक लागत नाही. नुसती गाळाची माती. दारासुरमच्या ऐरावतेश्वर देवळाचा एवढा मोठा दगडी डोलारा उभा आहे, पण त्यातला एकही दगड इथल्या जमिनीतला नाही, तो बाहेरून आणलेला. आमच्या रुळांखालची खडीही अशीच बाहेरच्या खाणींतून वाघिणींत भरून येते. मग मुलांना खडक दाखवायचा कसा? तर कावेरीच्या काठची चिमूटभर रेती तळहातावर घ्यायची आणि साध्या भिंगातून दाखवायची. पांढरे, काचेसारखे दिसतात ते गारगोटीचे कण. चकचकणारे पापुद्रे अभ्रकाचे. कर्नाटकातल्या आणि सेलम-इरोडकडच्या डोंगरांतला खडक झिजून झिजून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून इथवर आला आहे. म्हणजे आपल्याकडे खडक नाहीत असे नव्हे, ते दळून आले आहेत!

पावसाचेही तसेच. आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, इथे आभाळ कोरडे असते आणि कावेरीला मात्र नवे पाणी येते. आडी अठराला आपण नदीवर जातो, चित्रान्न नेतो. पाऊस नसताना पाणी कुठून आले, हे पोराने विचारले पाहिजे. ते पाणी कोडगूच्या डोंगरातल्या नैऋत्य पावसाचे. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाल्यापासून ते दरवाजे उघडण्यावर अवलंबून असते, माधवरावांच्या लहानपणी ते थेट डोंगरातून येत असे. आपला स्वतःचा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांत पडतो. आणि आपली मुले पुस्तकात वाचतात की भारतात पावसाळा जून ते सप्टेंबर! आपल्या घरातली मराठी गाणी-म्हणीसुद्धा मृगाच्या पावसाच्या आणि श्रावणसरींच्या. श्रावणात इथे घामाच्या धारा लागतात. मुलाने खिडकीबाहेर पाहिले तर पुस्तक खोटे वाटणार आणि पुस्तक पाहिले तर खिडकी खोटी वाटणार. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. डोळ्यांना दिसते ते बाजूला ठेवून छापील उत्तर लिहायची सवय एकदा लागली की पुढे ती जात नाही. आमच्या कामात ती सवय जीवघेणी ठरते. रुळाला बाक आलेला डोळ्यांना दिसत असताना वहीत सर्व ठीक म्हणून लिहिणारा माणूस मला माझ्या विभागात नको असतो.

असो. माधवरावांचे शिक्षण मद्रासला झाले. १८४१ साली तिथे सरकारी हायस्कूल सुरू झाले, तेच पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. हेडमास्तर होते एअर बर्टन पॉवेल, केंब्रिजचे गणिती. या पॉवेलसाहेबांना खगोलाचा नाद होता. त्यांनी मद्रासमधून जोडताऱ्यांची अनेक वर्षे निरीक्षणे केली, दक्षिणेला दिसणाऱ्या मित्र ताऱ्याच्या जोडीच्या कक्षेचे गणित मांडले आणि ते विलायतेत छापूनही आले. असा मास्तर मिळणे हे भाग्यच. माधवराव शाळेच्या वेळेबाहेर पॉवेलसाहेबांच्या घरी माडीच्या व्हरांड्यात बसून खगोल शिकत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि याच चरित्रकारांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट म्हणजे हा विद्यार्थी बाजारातून भिंगे विकत आणी, बांबूच्या नळीत बसवी आणि स्वतःच्या दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक तयार करी.

मला या एका वाक्यापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. दिवाणाच्या घरचा मुलगा! मागितली असती तर विलायती दुर्बीण मिळाली नसती असे नाही. पण बांबूत भिंग बसवताना जे कळते ते तयार दुर्बिणीत कळत नाही. पुढचे भिंग आणि डोळ्याजवळचे भिंग यांत अंतर किती ठेवायचे, हे सरकवून सरकवूनच समजते. पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर आणि डोळ्याजवळच्याचे ५ सेंटिमीटर असेल तर वस्तू दहापट मोठी दिसते आणि नळीची लांबी साधारण ५५ सेंटिमीटर लागते. चित्र उलटे दिसते. पहिल्यांदा उलटा नारळ पाहिला की मुले हसतात, मग ‘असे का’ म्हणून विचारतात. हा ‘असे का’ मिळवण्यासाठीच सारा खटाटोप. चंद्रावरचे खड्डे एवढ्या दुर्बिणीतूनही दिसतात. मात्र एक सूचना पालकांनी कडक पाळावी : सूर्याकडे अशी दुर्बीण कधीही रोखू देऊ नये, डोळा कायमचा जातो.

मद्रासला त्या वेळी वेधशाळाही होती. नुंगंबाक्कमची ही वेधशाळा १७९२ सालची आणि तिथल्या हवामानाच्या नोंदी १७९६ पासूनच्या. एवढ्या जुन्या सलग नोंदी जगात थोड्या ठिकाणी आहेत. रोज ठरावीक वेळी तापमापक पाहायचा आणि वहीत लिहायचे, एवढेच काम. पण शंभर वर्षे केले की त्याचे शास्त्र होते.

१८४६ साली माधवराव पहिल्या वर्गात ‘प्रोफिशियंट’ ही पदवी मिळवून बाहेर पडले. काही दिवस त्याच शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवले, मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले. आणि १८४९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. त्रावणकोरला तंजावरचा मराठी मास्तर ही परंपराच होती. आधी तंजावरच्या सुब्बरावांनी स्वाती तिरुनाळ महाराजांना शिकवले होते आणि तेही पुढे दिवाण झाले होते.

माधवरावांचे मुख्य विद्यार्थी दोन. आयिल्यम तिरुनाळ सतरा वर्षांचे आणि धाकटे विशाखम तिरुनाळ बारा वर्षांचे. चार वर्षे हे शिक्षण चालले. कुंभकोणमहून आलेल्या माणसाला तिरुवनंतपुरम म्हणजे हवामानाचा उलटा धडा. घाट ओलांडला की जूनच्या आरंभीच पाऊस, आणि ऑक्टोबरात पुन्हा दुसरा. जमीन लाल, दगड सच्छिद्र, आपल्या कोकणात जांभा म्हणतात तो. शिवाय गावात टेकडीवर वेधशाळा होती. स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३७ साली ती उभी केली होती. १८५२ साली तिथे जॉन ॲलन ब्राउन नावाचे स्कॉटिश शास्त्रज्ञ आले. तासातासाला हवेचा दाब, तापमान आणि चुंबकसुईची हालचाल यांच्या नोंदी, आणि नोंदी घेणारे तिथलेच तरुण. ब्राउनसाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. १८५५ साली त्यांनी अगस्त्यमलै शिखरावर, सहा हजार फुटांहून उंच, रानात, दुसरी वेधशाळा बांधली. खाली शहरात आणि वर शिखरावर एकाच वेळी काय फरक पडतो ते पाहायचे होते. जंगल, जळवा, धुके आणि वादळी वारा, अशा ठिकाणी माणसे राहून नोंदी घेत होती.

माधवरावांच्या शिकवण्याचे फळ कोणत्या विद्यार्थ्यात दिसले? माझ्या मते धाकट्यात. विशाखम तिरुनाळ हे शेती आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक निघाले. १८८० साली गादीवर आले, जेमतेम पाच वर्षे राज्य केले, पण त्यांनी प्रजेला एक कंद दिला. टॅपिओका, मराठीत ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो. बाहेरून चांगल्या जाती आणून, लावण्याची व शिजवण्याची रीत लोकांना सांगून त्यांनी तो त्रावणकोरात रुजवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा तिथल्या गोरगरिबांना या कंदाने जगवले. कमी पाऊस, हलकी जमीन, तरी येणारे पीक! माती आणि पाऊस यांचा मेळ लहान वयात ज्याच्या डोक्यात बसला त्यालाच हे सुचते.

थोरल्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. आयिल्यम तिरुनाळ १८६० साली महाराज झाले तेव्हा माधवराव त्यांचे दिवाण होते. सुरुवातीला गुरु-शिष्यांचे चांगले जमले. पुढे मतभेद वाढत गेले आणि १८७२ साली माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. ज्याला अक्षरे गिरवायला बसवले त्याच्याच दरबारातून असे निघावे लागले, हे वाचताना वाईट वाटते.

मधल्या चौदा-पंधरा वर्षांचा हिशेब मात्र मोठा आहे. १८५७ साली दिवाण कृष्णराव वारले, तेव्हा जेमतेम एकोणतीस वर्षांच्या माधवरावांकडे कारभार आला आणि पुढच्या वर्षी ते कायम झाले. खजिन्यावरचे कर्ज फेडले, मिरी आणि तंबाखूचे सरकारी मक्ते बंद केले, १८६५ साली सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिचा हक्क दिला, रस्ते केले, कचेरीची मोठी इमारत बांधली. १८६६ साली इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केले. हे सारे मी भराभर सांगतो आहे, कारण मला वर्कलाला थांबायचे आहे.

तिरुवनंतपुरम ते कोल्लम जलमार्ग जोडताना मधे वर्कलाचा कडा आडवा येतो. तो फोडून कालवा नेण्याचे काम माधवरावांच्या कारकिर्दीत हाती घेतले गेले आणि १८८० च्या सुमारास पुरे झाले. दोन बोगदे, एक ९२४ फूट आणि दुसरा २३६४ फूट. लोकांना वाटते की मऊ खडकात बोगदा खणणे सोपे. खणणे सोपे, टिकवणे अवघड! कठीण खडक स्वतःचे छत स्वतः पेलतो, मऊ खडकाला जागोजाग टेका आणि अस्तर द्यावे लागते, पाणी झिरपते ते वेगळेच. वर्कलाच्या कड्यावर समुद्राच्या बाजूने उभे राहिले की वर जांभ्याची टोपी, खाली रंगीत वाळूचा खडक, त्याखाली चिकणमातीचे थर आणि त्यांत कोळशासारखे काळे पट्टे उघड्या डोळ्यांनी दिसतात. वरचे पाणी वाळूतून झिरपत येते, चिकणमातीपाशी अडते आणि तिथून झरे फुटतात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात या थरांना वर्कलाच्याच नावाने ओळखतात आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हा कडा भूवैज्ञानिक स्मारक म्हणून गणला आहे. सुटीत मुलांना समुद्रावर नेणारे पालक पाठ कड्याकडे आणि तोंड पाण्याकडे करून बसतात. अर्धा तास उलटे बसावे, एवढीच विनंती.

त्रावणकोरात माधवरावांनी गावोगावी देशी भाषेच्या शाळा काढल्या. मुलांना मल्याळममध्ये वाचायला चांगली पुस्तकेच नव्हती, तेव्हा त्या लिहून घेण्यासाठी सरकारी समिती नेमली गेली. इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. त्या शाळांची दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी नव्हती, आणि एवढ्या कर्तबगार दिवाणाने ती उघडली नाहीत. ऊन-पाऊस सर्वांवर सारखा पडतो, शाळा मात्र तशी नव्हती. तसेच, ब्राउनसाहेब १८६५ साली विलायतेला परतल्यावर वेधशाळेचे काम पूर्वीच्या जोमाने चालले नाही. व्हरांड्यात बसून तारे शिकलेल्या दिवाणाने तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे माझे मत.

इंदूरला तुकोजीराव होळकरांकडे ते दोन वर्षे होते. आणि मग १८७५ साली बडोदा.

मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, खजिना आणि कारभार दोन्ही मोडकळीला आले होते. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव महाराज. मुलाला अक्षरओळख नव्हती. दरबारातल्या लोकांना ही मोठी उणीव वाटली असेल. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरचे बारा वर्षांचे पोर काळी जमीन आणि मुरमाड जमीन पायाने ओळखते, ढग पाहून गुरे कधी परत आणायची ते जाणते. वाचता येत नव्हते, पण जे पाहायचे ते पाहून झालेले होते. वाचन नंतर आले आणि भराभर आले. इलियटसाहेब नावाचे शिक्षक नेमले गेले आणि राज्याचा कारभार माधवराव पाहू लागले. सहा वर्षांत त्यांनी बडोद्याची घडी बसवली. डभोईची छोटी लाईन, जिच्यावर सुरुवातीला गाड्या बैलांनी ओढल्या होत्या, ती याच काळात चांदोदकडे आणि बडोद्याकडे वाढली. आमच्या खात्यातल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

१८८१ साली महाराजांच्या हाती अधिकार जाण्याआधी माधवरावांनी त्यांच्यापुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. २०२२ साली राहुल सागर यांनी ती नव्याने संपादित करून प्रसिद्ध केली आहेत, इंग्रजी वाचणाऱ्यांनी अवश्य मिळवावीत. शिष्य गुरूच्या पुढे गेला. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्रावणकोरात जे राहून गेले होते ते कवळाण्याच्या मुलाने केले.

१८८२ साली बडोदा सोडून माधवराव मद्रासला मैलापूरला राहायला आले. राजा रविवर्म्यांना आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला याच काळात त्यांनी दिला. आपल्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमागे असा एक कुंभकोणमकर आहे! १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे दोन वर्षांत मतभेदामुळे त्यातून बाहेर पडले.

आणि १८८९ साली, साठी उलटल्यावर, त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. विषय राजकारण नाही, जमाखर्च नाही. आपल्या लोकांनी आपल्या मुलांना कसे वाढवावे, हा. त्यावर स्वतःचे नावही घातले नाही, ‘एक देशी विचारवंत’ अशा अर्थाच्या टोपणनावाने ते काढले. गुजराती, मराठी आणि मल्याळम या भाषांत त्याची भाषांतरे झाली. तीन संस्थाने सांभाळलेल्या माणसाला शेवटी आईबापांशी बोलावेसे वाटले. राजपुत्राला शिक्षक नेमता येतो, बाकीच्यांच्या मुलांचे काय? त्यांचा पहिला मास्तर घरातच असतो, आणि त्याला कोणी शिकवलेले नसते.

डिसेंबर १८९० मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव टी. आनंदराव पुढे म्हैसूरचे दिवाण झाले.

आता आपल्या मंडळातल्या आईबापांसाठी दोन शब्द. रूळ लोखंडी असतो, उन्हाने वाढतो, हे मुलांना पाठ असते. १३ मीटरचा रूळ तापमान ३० अंशांनी वाढले की साधारण साडेचार मिलिमीटर वाढतो, म्हणून जुन्या पद्धतीच्या जोडात फट ठेवतात. हे दाखवायला मुलांना रुळावर नेऊ नये, तो गुन्हा आहे आणि धोकाही. घरच्या लोखंडी फाटकाची कडी मेच्या दुपारी अडकते आणि जानेवारीच्या पहाटे सहज सरकते, ते दाखवले तरी पुरे.

पावसासाठी मात्र हीच वेळ आहे. विसर्जनानंतर महिना-दीड महिन्याने आपला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. दोन लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवावा. बुडाशी खडे घालून, ते बुडेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारावी आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली मोकळ्या जागी ठेवावी, भिंत किंवा झाड जितके उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला मुलाने वाचावे, वहीत लिहावे, आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवावे. हवामान खातेही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजते, म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येईल. आकडा जुळला नाही तर खोडू देऊ नये. पावसाळी गस्तीवर असलेल्या आमच्या माणसांनाही मी हेच सांगतो. खड्यांसाठी ओंजळभर बारीक खडी ज्यांना हवी असेल त्यांनी मला दहा ऑक्टोबरच्या आत सांगावे. एका घराचे बांधकाम नुकतेच संपले आहे, तिथे उरलेली आहे.